सासूबाई कामावर गेल्यात

नाही, मी काय म्हणते, नोकरी करायला माझी ना नाही, बायका नोकरी करतातच की, मी स्वतः बारा वर्षं करतेय, पण माणसानं निवृत्त व्हायच्या वयात नोकरीला लागायचं म्हणजे काय? आणि लागायचं तेही कुठं… पोहण्याच्या तलावावर! कोण काय विचारता? अहो मी नाही! आमच्या सासूबाई! वय एकसष्ट, डावा गुडघा कुरकुरणारा, चष्मा बाटलीच्या बुडासारखा, आणि सध्या त्यांच्या गळ्यात एक लाल शिट्टी असते आणि माझ्या गळ्यात अख्खं घर!

तक्रार नाही हं माझी! तक्रारी घेणं हा तर माझा धंदा आहे, पाणीपुरवठ्याच्या तक्रार कक्षात बसते मी, दिवसभर कानाला फोन, 'नमस्कार, पाणीपुरवठा, बोला'… त्यामुळे तक्रार कशाला म्हणतात ते मला चांगलं कळतं. ही तक्रार नाही. हे मी नुसतं सांगतेय.

आता तुम्हाला आमचं घर माहीत नाही म्हणून सांगते. घरात माणसं पाच. मी, माझा नवरा, सासू, सासरे आणि आमची चिमणी. चिमणी म्हणजे मुलगी, सात वर्षांची, नाव वेगळं आहे पण ऐकतं कोण. तर या पाच माणसांचं घर चालवायचं एकच माणूस. मी उठायची तेव्हा चहा तयार, मी आंघोळ करून यायची तेव्हा डबा तयार, मी चपला घालायला वाकायची तोवर चिमणीच्या दोन वेण्या घट्ट बांधून रिबिनी लावून तयार! ऑफिसात सगळ्या विचारायच्या, 'अगं, घर सांभाळून नोकरी कशी जमते तुला?' मी म्हणायची, 'मला कुठं जमते, आमच्या आईंना जमते.' खोटं कशाला बोला? माझं घर म्हणजे, तुम्हाला सांगते, पंखा जसा वर फिरत असतो आणि खाली आपण गार बसलेलो असतो ना, तसं होतं. पंख्याकडे बघतं का कुणी?

आणि मग सुट्टीत चिमणीला पोहायला घातलं.

घातलं कुणी? मीच! माझीच हौस! सासूबाई तिला घेऊन जायच्या, काठावरच्या बाकावर बसायच्या, आणि नुसतं बसून राहणं त्यांच्या रक्तातच नाही म्हणून मांडीवर मटाराची पिशवी. शेंगा सोलत नातीकडे लक्ष. एक दिवस शिकवणारा गेला पलीकडच्या टोकाला कुणाची तरी टोपी बसवायला, आणि इकडे एक गुटगुटीत पोरगा… पाच वर्षांचा असेल… त्याला वाटलं सगळं पाणी सारखंच, आणि त्यानं खोल बाजूला मारली उडी! आता बाकावर बसलेल्या बायका काय करतात? किंचाळतात. रीतसर किंचाळल्या सगळ्या. आमच्या सासूबाई किंचाळल्या नाहीत. त्या उठल्या आणि, अहो, चष्म्यासकट, चपलांसकट, मटारासकट… धप्पकन पाण्यात! पोराला मानेखाली हात घालून काठाला आणला, वर ठेवला, पाठीवर दोन थापट्या मारल्या, त्यानं भोकाड पसरलं, आणि मग या म्हणाल्या काय, तर, 'माझा चष्मा बघा कुणीतरी.' तलावभर मटाराच्या शेंगा तरंगतायत आणि मधोमध या!

घरी आल्या त्या ओल्याचिंब. दारात चपलांतून पाणी गळतंय आणि चिमणी ओरडतेय, 'आजीला पोहता येतं! आजीला पोहता येतं!' सासरे पेपर वाचत होते. त्यांनी पेपर खाली केला. अडतीस वर्षांचा संसार, पण या माणसाला पत्ता नाही!

'तुला पोहता येतं?' 

'येतं.'

'मग मला कधी सांगितलं नाहीस ते?'

'तुम्ही कधी बुडाला नाहीत.'

झालं! संपलं संभाषण! त्या गेल्या आंघोळीला.

दुसऱ्या दिवशी तलावाचे व्यवस्थापक घरी हजर. उंच, वाकलेले, दारातच अवघडून उभे. 'आजी, लहान मुलांच्या वर्गाला आम्हाला असंच कुणीतरी हवंय. पहाटेच्या वर्गापासून संध्याकाळच्या वर्गापर्यंत. तुम्ही याल का?' मी चहा ठेवायला उठले होते… म्हणजे, ठेवायला उठायचं सोंग करत होते, कारण आता आई उठतीलच असं मला वाटलं… तर मागून आवाज आला, 'येते.' बस्स! एका शब्दात! ना नवऱ्याला विचारणं, ना मुलाला, ना मला. मी नंतर म्हटलं, 'आई, एकदा घरात विचारायचं तरी.' तर म्हणाल्या, 'कुणाला विचारू? पोहता मलाच येतं.'

आता बोला!

चिमणीची शाळा सुरू झाली, आणि त्यांच्या नोकरीचा पहिला सोमवार. तुम्हाला सांगते, तो सोमवार मी मरेपर्यंत विसरणार नाही. आई अंधारातच ट्रॅकसूट चढवून निघून गेल्या आणि आम्ही चौघं स्वयंपाकघरात असे उभे, जसे स्टेशनवर सामान हरवलेले प्रवासी. आणि तेव्हा मला कळलं की आमचं घर हे घर नाहीच, ते एक गुपित आहे! म्हणजे बघा, सिंकचा नळ बंद करायचा तर आधी थोडा उघडावा लागतो. गॅसची डावी शेगडी पेटवायची तर उजवी बंद असावी लागते. कपाटाचं दार ओढायचं नाही, उचलायचं. आणि कपडे धुवायचं मशीन? बटण दाबलं… ढिम्म. परत दाबलं… ढिम्म. मी केला फोन तलावावर.

'आई, मशीन चालत नाहीये!'

'कंबर लावलीस का?'

'कसली कंबर?'

'अगं तुझी! डाव्या कोपऱ्याला कंबर टेकव, जरा रेट दे, आणि मग बटण… ए निळी टोपी! पळायचं नाही! ओलं आहे तिथं! फुर्रर्रर्र!… तुला नाही गं.'

कानाचा पडदा हलला माझा! तरी मी कंबर टेकवली, रेट दिला, आणि मशीन सुरू! म्हणजे हे घर इतकी वर्षं त्यांच्या कंबरेवर चाललं होतं हो, शब्दशः!

तिकडे बाहेर नवरा चिमणीची वेणी घालत होता. आता माझा नवरा लिफ्ट दुरुस्त करतो. लिफ्टच्या कंपनीत मेकॅनिक. त्यानं पोरीची वेणी घातली ती लिफ्टची केबल वळतात तशी! दोन दिवस सुटली नाही! तिसऱ्या दिवशी तिच्या शाळेतल्या बाई म्हणाल्या, 'फार सुरेख आहे, पण मुलीला डोळे मिटता येत नाहीयेत.' आणि या नवऱ्याचं आणखी एक सांगते, घरात भांडी निघाली की शहरात कुठं ना कुठं लिफ्ट अडकते. मी म्हणावं, 'अरे, एवढी चार ताटं,' की फोन वाजलाच! 'आठव्या मजल्यावर माणसं अडकलीत,' आणि हा चालला! मी म्हणते, त्या आठव्या मजल्यावरच्या माणसांना दुसरा उद्योग नाही का? जेवणं झाली की चला, लिफ्टमध्ये अडकून बसू?

आणि सासरे! देवमाणूस! आयुष्यभर मोजणी खात्यात जमिनी मोजल्या, इंचाचा फरक चालायचा नाही, पण स्वयंपाकघरात कधी तीन पावलांपुढं आत गेलेले नाहीत. मी ऑफिसात, एका कानाला एक गृहस्थ, 'तीन दिवस नळाला थेंब नाही, तुम्ही लोक झोपा काढता का?' आणि दुसऱ्या कानाला सासरे, हळू आवाजात, 'सूनबाई, पाणी उकळलं हे ओळखायचं कसं?' मी म्हणायला गेले एकाला आणि बोलले दुसऱ्याला! त्या गृहस्थांना म्हटलं, 'बुडबुडे आले का बघा, आले की झाकण काढा.' ते म्हणाले, 'बाई, इथं हवासुद्धा येत नाहीये नळातून!'

पण तक्रार नाही हं माझी! नुसतं सांगतेय.

असे काही आठवडे गेले. रात्री पाव, सकाळी पाव, चिमणी म्हणाली, 'आई, आपण बदकं आहोत का?' सासूबाई संध्याकाळचा वर्ग संपवून यायच्या, अंगाला तलावाच्या औषधाचा वास, आल्या आल्या भात टाकायला निघायच्या आणि पातेलं हातात घेऊनच खुर्चीत डुलक्या घ्यायच्या. आम्ही त्यांच्या हातातून हळूच पातेलं काढून घ्यायचो. काढून घ्यायचो खरं… पण पुढं त्या पातेल्याचं काय करायचं ते कुणालाच माहीत नसायचं!

आणि नेमकं तेव्हाच आमच्या साहेबांनी बोलावलं. साहेब सहसा बोलावत नाहीत, फोनवरच खाकरतात. मी गेले. ते म्हणाले, 'बसा. कक्षप्रमुख म्हणून तुमचं नाव पाठवतोय. फक्त संध्याकाळी थोडा उशीर होईल रोज. घरचं बघा आणि सोमवारी सांगा.'

घरचं बघा! बारा वर्षं, अहो! बारा वर्षं शिव्या खाल्ल्या लोकांच्या, ज्या पाइपात मी कधी बोट घातलं नाही त्या पाइपांपायी! आणि आता कुठं कुणीतरी म्हणालं, बसा. मी पायऱ्या उतरताना मनातल्या मनात नाचत होते, आणि शेवटच्या पायरीला थांबले. संध्याकाळी मी उशिरा, संध्याकाळी आई तलावावर. मग संध्याकाळी घरात कोण?

त्या दिवशी आई यायच्या आत आमची बैठक बसली. मी, नवरा, सासरे, मध्ये पाव. नवरा म्हणाला, 'सरळ आहे. आईला सांगायचं की झाली हौस, आता सोड.' मी म्हटलं, 'सांग मग.' तो म्हणाला, 'तू सांग ना, तुला अशा गोष्टी गोड बोलून सांगायची सवय आहे, तुझं कामच आहे ते.' मी सासऱ्यांकडे बघितलं. सासरे म्हणाले, 'मी सांगितलं असतं गं. पण मला अजून तिच्याबरोबर राहायचंय.'

म्हणजे कोण जाणार? मीच! घरची तक्रार घेऊन तक्रार कक्षच निघाला!

अर्धा दिवस रजा टाकली आणि गेले तलावावर. वाटेत सगळं पाठ केलं. 'आई, तुमचा गुडघा… आई, चिमणीचा अभ्यास… आई, माझं एवढं एकदाच…' दारात तिकीट देणारी बाई बसली होती, ठसठशीत, पंख्याकडे तोंड करून. मी नाव सांगितलं तशी उठूनच उभी राहिली! 'अय्या, तुम्ही आमच्या आजींच्या सूनबाई? पाण्याच्या ऑफिसातल्या? या की! रोज तुमच्याबद्दल ऐकतो आम्ही! आजी म्हणतात, माझी सून बाहेरचं जग तोंडानं थोपवून धरते!' आता हे कौतुक की काय ते मला अजून कळलेलं नाही. पण माझं पाठ केलेलं पहिलं वाक्य तिथंच गळालं.

आत गेले. ओल्या फरशीवर चपला हातात घेऊन उभी राहिले. निळं पाणी, रांगेनं लटकवलेले टॉवेल, पोरांचा कलकलाट… आणि उथळ बाजूला, कंबरभर पाण्यात, आमच्या सासूबाई. त्यांच्यासमोर एक मुलगी काठाला चिकटलेली, पालीसारखी, डोळे घट्ट मिटून. 'नाही सोडणार! मी नाही सोडणार!'

मला वाटलं आता शिट्टी वाजणार. तर कसलं काय.

'नको सोडू,' सासूबाई म्हणाल्या. 'मी म्हटलं का सोड? घट्ट धर. फक्त ती करंगळी बघ, तिचं काय काम आहे तिथं? ती काही धरत नाहीये, नुसतीच उभी आहे. तिला तेवढं सोडून दे.'

पोरीनं एक डोळा उघडला. करंगळी सोडली.

'शहाणी गं माझी. आता तिच्या शेजारची. ती एकटी काय करणार तिथं?'

काय सांगू तुम्हाला, किती वेळ चाललं ते मला माहीत नाही. मी आपली उभी, चपला हातात. एकेक बोट सुटत गेलं आणि शेवटी ती पोरगी पाण्यावर उताणी, सासूबाईंच्या एका तळहातावर! आणि मग तो तळहातही त्यांनी काढून घेतला, आणि तिला कळलंच नाही! आणि सासूबाई हसल्या. अहो, घरी हसतात त्या, नाही असं नाही. पण घरी हसताना त्यांच्या हातात काहीतरी असतं. झारा, कपडा, कुणाची तरी शर्टाची गुंडी. हे हसणं रिकाम्या हातांचं होतं. मी या घरात आल्यापासून असं हसणं पाहिलं नव्हतं, देवाशप्पथ!

मग त्यांनी मला बघितलं. आल्या काठाला. 'काय गं? घरी सगळं ठीक?'

'हो हो… सहज आले.'

'ऑफिस सोडून सहज?'

'नाही, ते… पाणी बघायला. पाणीपुरवठ्याकडून.'

त्यांनी माझ्याकडे बघितलं, पाण्याकडे बघितलं. 'बघितलंस? कसं आहे?'

'छान आहे,' म्हटलं.

'छानच आहे,' त्या म्हणाल्या. 'इतक्या वर्षांनी उतरले ना, त्या पहिल्या दिवशी, तर उडी मारल्यावर हवेत मनात आलं, अगं बाई, विसरले असले तर? पण पाय विसरत नाहीत गं.' आणि गेल्या परत पोरांत.

यानंतर मी काय सांगायचं होतं? गुडघा? तो गुडघा तिथं मासोळीसारखा चालला होता! मी आल्या पावली परत आले. नवऱ्याला म्हटलं, 'मी नाही सांगितलं, आणि तूही सांगायचं नाहीस. सोमवारी साहेबांना नको म्हणून कळवते.' त्यानं पाव खायला घेतला. मीही भांडी घासायला घेतली, जरा जास्तच आवाज करत. रडले? छे! नळ गळत होता.

आता हे कुणाला कळायचं काही कारण होतं का? पण घरात चिमणी आहे! रविवारी सगळे जेवायला बसलो, सासूबाईंची सुट्टी म्हणून बऱ्याच दिवसांनी टेबलावर खरं जेवण, आणि ही बया तोंडात घास घेऊन म्हणते, 'आजी, आईला मोठी साहेब करणार होते. पण तू पोहतेस ना, म्हणून ती नको म्हणणार आहे.'

सासूबाईंनी चमचा खाली ठेवला. माझ्याकडे बघितलं, मुलाकडे बघितलं, सासऱ्यांकडे बघितलं. आणि मग शांतपणे गळ्यातली शिट्टी तोंडात धरली आणि… फुर्रर्रर्रर्र! जेवणाच्या टेबलावर! सासऱ्यांचा घास उडाला! शेजारच्यांनी दार उघडलं!

'सगळे पाण्याबाहेर!' त्या म्हणाल्या. सवयीनं निघालं हो तोंडातून. मग जरा थांबून, 'ही उद्या जाऊन हो म्हणणार आहे. मी तलाव सोडणार नाहीये. आणि घर तुम्ही दोघं बघणार आहात.'

नवरा म्हणाला, 'अगं आई, पण मला मध्येच कॉल येतात, लिफ्ट अडकली की…'

'लिफ्ट अडकली की लोकांना जिना असतो. भात करपला की काय असतं?'

सासरे हळूच म्हणाले, 'पण मला काय येतंय?'

त्यांच्याकडे बघून मात्र सासूबाईंचा आवाज बदलला. 'काही येत नाही. हरकत नाही. आज फक्त गॅसचं बटण फिरवायचं. पातेलं नाही, काही नाही. नुसतं बटण.'

आणि खरंच सांगते, त्या रविवारी आमचे सासरे, ज्यांनी डोंगरच्या डोंगर मोजले, त्यांनी शेगडी पेटवली, बंद केली, पेटवली, बंद केली, आणि आम्ही सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या!

सोमवारी मी हो म्हणून आले. आता मी कक्षप्रमुख आहे, मला वेगळी खुर्ची आहे, तिचं एक चाक फिरत नाही, पण आहे. आणि घर? घर त्या दोघांनी घेतलं हो ताब्यात! नवऱ्यानं आल्या आल्या सगळं दुरुस्त केलं. नळ सरळ बंद होतो, कपाटाचं दार बोटानं उघडतं, मशीनला कुणाची कंबर लागत नाही. मला चुकल्याचुकल्यासारखं होतं. सासरे बटाटे चिरतात ते फूटपट्टी ठेवून, सगळे तुकडे एका मापाचे, एखादा कमीजास्त झाला तर तो बाजूला काढतात आणि त्याच्याकडे नाराजीनं बघतात. आणि शिस्त! 'ओला टॉवेल पलंगावर कुणी टाकला?' 'फ्रिज किती वेळ उघडा ठेवणार?' परवा मला फोन, ऐन बैठकीत, 'सूनबाई, निघालीस का? भात गार होतोय. उशीर होणार असेल तर आधी कळवत जा. आम्ही इथं राबतो.' राबतो! आम्ही!

तक्रार नाही हं माझी, मुळीच नाही! फक्त एक गोष्ट आहे, ती तेवढी हळू आवाजात सांगते.

त्यांचं जेवण तोंडात घालवत नाही.

मीठ सासरे घालतात, मोजून, माणशी. आणि नवराही घालतो, अंदाजानं. दोघं एकमेकांना सांगत नाहीत, कारण प्रत्येकाला वाटतं मिठाचं खातं आपल्याकडे आहे. म्हणून मी ऑफिसातून निघते ती सरळ तलावावर जाते. सासूबाई टॉवेलनं केस पुसत बाहेर येतात, ती तिकिटाची बाई तिघींसाठी अंडं-पाव आणून ठेवते, आम्ही बाकावर बसून पोटभर खातो, तोंड पुसतो, आणि सासू-सुना हसत हसत घरी जातो. दारात ते दोघे उभे, ॲप्रन बांधून, लग्नघरातल्या यजमानांसारखे. आम्ही बसतो. सासूबाई पहिला घास घेतात, डोळे मिटतात, म्हणतात, 'वा!' मी म्हणते, 'बाबा, आज काय जमलंय!' आणि सासरे लाजतात हो, लहान मुलासारखे, आणि म्हणतात, 'मग अजून थोडं वाढू का?'

आणि सासूबाई टेबलाखालून माझ्या पायावर पाय देतात, आणि आम्ही दोघी ताटं पुढं करतो. न करून सांगता कुणाला? एकदा नावं ठेवली, की उद्यापासून स्वयंपाक आमच्याकडे!